अक्रोडाच्या बारा मुठी

मुठीचं लाकूड आणि पात्याचं पोलाद जिथं मिळतं, तिथं बोटाला काहीही लागता कामा नये. जेवणाच्या चांगल्या चाकूत पातं मुठीपाशी संपत नाही. त्याचाच एक सपाट पट्टा मुठीच्या टोकापर्यंत मागं जातो, त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या बसवतात आणि आरपार पितळी रिव्हेट ठोकतात. मग लाकूड, पोलाद, लाकूड असे तिन्ही थर एकत्र घासतात. डोळ्याला रंग बदललेला दिसतो, पण अंगठ्याला कळत नाही, इथपर्यंत. त्या सकाळी माझ्या हातात जो चाकू होता त्याचं पोलाद लाकडाच्या वर आलेलं होतं. केसाच्या जाडीहूनही कमी असेल. पण वर आलेलं होतं, आणि एकाच अंगाला.

"डोळे मिटून फिरव अंगठा," अक्का म्हणाली. "लागतंय?"

"लागतंय."

"मग हा नाही."

तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि बाकाखालच्या खोक्यात टाकला. खोक्यात तसे आणखी बरेच होते. नाकारलेल्या चाकूचे रिव्हेट काढायचे, लाकडाच्या पट्ट्या फेकायच्या आणि त्याच पात्यावर त्याच फळीतून नव्या पट्ट्या कापून बसवायच्या, अशी तिथली रीत होती. पोलाद घासून लाकडाच्या पातळीला आणता आलं असतं. पण मग हवा दमट झाली की लाकूड फुगून वर येतं. अक्काच्या नवऱ्याच्या, एतियेनच्या घराण्यात असली मलमपट्टी कुणी करत नसे.

"लाकूड नीट वाळलेलं नसेल," मी म्हटलं.

"अकरा वर्षं माळ्यावर पडलेली फळी आहे. अजून किती वाळवायचं तिला?" तिनं रुमाल काढून नाकाखाली दाबला. डाव्या नाकपुडीखाली. रुमालावर आलेला डाग बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "तू आता मला लाकडाबद्दल शिकवणार म्हण की."

शिकवण्यासारखं माझ्याकडं थोडं होतं. मी बंगळूरला एका प्रयोगशाळेत लाकडावरच काम करत होते. लाकडाच्या पेशी, त्यांतलं पाणी, ते गेल्यावर लाकूड किती आणि कुठल्या दिशेनं आक्रसतं, हा माझा विषय. पण मी तिथं लाकडासाठी गेले नव्हते. मी गेले होते अक्काकडून एक उत्तर घ्यायला.

मध्य फ्रान्सच्या डोंगरात, चाकू करणाऱ्यांच्या एका गावात अक्काचं घर होतं. खाली कारखाना, वर राहायची जागा. एतियेन तरुणपणी मिरजेला आला होता तो सतारी करणाऱ्यांचं काम बघायला. आमच्या वाड्यासमोर त्यानं खोली घेतली. सतारीचं काम बघता बघता त्यानं अक्काला बघितलं, आणि आमच्या वडिलांनी, अप्पांनी, वर्षभर अबोला धरून शेवटी लग्न लावून दिलं. ती फ्रेंचचा एक शब्द न येता तिकडं गेली. मी गेले त्या वेळी तिला तिकडं जाऊन सव्वीस वर्षं झाली होती आणि तिच्या डाव्या नाकपुडीच्या आत, डोळ्याच्या खोबणीला चिकटून एक गाठ होती.

शहरातल्या सर्जननं सगळं स्पष्ट सांगितलं होतं. गाठ काढायची तर तिच्याबरोबर डावा डोळा जाईल, वरचा जबडा अर्धा जाईल, गालाचं हाड जाईल. एवढं करून ती जगेल याची खात्री नाही, पण शक्यता आहे. नाही काढली तर वर्ष निघणं कठीण. लवकर ठरवा, असं तो म्हणाला होता. अक्का त्याला म्हणाली होती, हातात एक काम आहे, बारा चाकूंचा संच. तो झाला की सांगते.

संच होत नव्हता.

एका संचाच्या सगळ्या मुठी एकाच फळीतून, ओळीनं कापतात. बारा चाकू शेजारी शेजारी ठेवले की लाकडातली रेघ पहिल्या मुठीतून शेवटच्या मुठीपर्यंत पाण्यासारखी वाहत गेलेली दिसली पाहिजे. ही फळी अक्रोडाची होती, जांभळट तपकिरी. मी गेले तेव्हा तिच्यातला हातभर तुकडा उरलेला होता.

*

रात्रीच्या जेवणाला एतियेन वर आला, हात धुतले आणि खुर्चीत बसताना म्हणाला, "दमले बाई."

त्याचं सगळं मराठी अक्काकडून आलेलं. त्यामुळं तो दमायचा, यायचा, जायचा तो सगळा बाईसारखा. त्यांच्या लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा दाजी म्हटलं तेव्हा त्यानं त्या शब्दाचा अर्थ नीट विचारून घेतला होता आणि तेव्हापासून मी नुसतं एतियेन म्हटलं तर ओ देत नसे. बाकी आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले, अडलं तर अक्का मध्ये पडे. फ्रेंच मला जुजबी येई, हळू बोललं तरच कळे.

फोन वाजला. त्यानं उचलला, ऐकलं आणि कानापासून लांब धरला. पलीकडच्या बाईचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता.

"कोण गं?"

"मादाम ऑबेर. खालच्या वळणावर खाणावळ काढतीये. संच तिचाच." अक्कानं डाळीचा वाडगा माझ्याकडं सरकवला. "म्हणतीये, उद्घाटनाची तारीख दोनदा बदलली, आता पाहुणे काय हातानं खातील का?"

"मग?"

"सांग तिला," अक्का फ्रेंचमध्ये एतियेनला म्हणाली आणि मला कळावं म्हणून तेच मराठीत म्हणाली, "माझ्या माहेरी सगळे हातानंच खातात. आजवर कुणाचं काही वाईट झालं नाही."

एतियेननं ते फोनमध्ये सांगितलं. त्यानं फोन ठेवला आणि आम्ही तिघं हसलो. हसताना अक्काचा डावा गाल उजव्यापेक्षा कमी वर गेला. मी ते बघितलं. एतियेननंही बघितलं, आणि तो पाव कापायला लागला.

"एतियेन," ती थोड्या वेळानं म्हणाली, "आजचा एक गेला. गेलेला हा सातवा."

"लाकूड ऐकत नाही," तो म्हणाला.

"नाही ऐकत."

"नवीन कापते मी उद्या," तो मराठीत म्हणाला.

"काप."

त्यांचं हे बोलणं एखाद्या आजारी मुलाबद्दल बोलावं तसं, हळू चाललं होतं. दोघांपैकी कुणी चिडलेलं नव्हतं. ते मला तेव्हा खटकलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी एतियेन पाती आणायला गेला होता. मी स्वयंपाकघरात फोडणी केली. मुद्दाम हिंग जास्त टाकला आणि कढई तिच्या नाकाखाली धरली.

"कसला वास येतोय?"

"हे तुमचं विज्ञान का?"

"सांग तर."

तिनं मान थोडी डावीकडं वळवून उजवी नाकपुडी पुढं केली. "मोहरी."

"आणि?"

"आणि काय?"

मी कढई खाली ठेवली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि स्टूल ओढून बसली.

"अक्का, मी बंगळूरच्या डॉक्टरांशी बोलले. माझ्या ओळखीच्या दोघांना रिपोर्ट दाखवले. या प्रकारच्या गाठीत ऑपरेशन केलं तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण..."

"टक्के सांगू नकोस मला."

"मग काय सांगू?"

"आई कशीये ते सांग. गुडघे काय म्हणतात तिचे?"

"आई बरी आहे. तिला यातलं काही माहीत नाही."

"चांगलं आहे." तिनं ओट्यावरचा कांदा घेतला, सोलायला लागली. "लहानपणी तू मुंग्या मोजायचीस आठवतंय? भिंतीवर रेघ काढून. रेघेच्या वर गेल्या किती, खाली आल्या किती. मी म्हणायचे, अगं त्या त्याच त्याच आहेत. तर तू रडायचीस."

"विषय बदलू नकोस. तू उत्तर कधी देणार?"

"संच होऊ दे."

"संच, संच. अशा आजारात एकेक आठवडा..."

"हेमा," ती म्हणाली. "जिन्यात सासूबाईंचे फोटो आहेत ते बघितलेस?"

बघितले होते. जिन्याच्या भिंतीवर एतियेनच्या आईचे फोटो वयाच्या क्रमानं लावलेले होते. लग्नातला, एतियेनला कडेवर घेतलेला, कारखान्याच्या दारातला. सगळ्यांत ती समोर बघत होती. शेवटच्या चार फोटोंत मात्र तिची फक्त उजवी बाजू होती.

"त्यांना एका बाजूनं फोटो काढायला आवडायचं, असं मी सगळ्यांना सांगते," अक्का म्हणाली. "मी आले तेव्हा त्यांचं ऑपरेशन होऊन सहा महिने झालेले. नाकात गाठ होती म्हणाले. तेवढंच. डोळ्याच्या जागी एक कापडी चकती असायची. टाळू गेलेली. दिलेलं अन्न नाकातून बाहेर यायचं. त्या भिंतीकडं तोंड करून जेवायच्या, त्या तिथं, कपाटाशेजारी. मुलाला दिसू नये म्हणून. मी भरवायचे त्यांना. चार वर्षं."

मी कपाटाशेजारच्या त्या भिंतीकडं बघितलं.

"त्याही मुठी घासायच्या. ते बायकांचंच काम इथं. जन्मभर त्याच बाकावर बसून. मला माझा रिपोर्ट आला त्या दिवशी सगळं जुळलं. तुला तर फोनवर सांगितल्या सांगितल्या कळलं असेल."

कळलं होतं. ओक, बीच, अक्रोड अशा कठीण लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली की नाकात नेमकी याच जातीची गाठ होते. आमच्या प्रयोगशाळेत करवतीच्या खोलीत मास्कशिवाय कुणाला पाऊल टाकू देत नसत. मी पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं, मास्क लावायचीस का. ती म्हणाली होती, पहिली पंधरा वर्षं इथं मास्क कुणी बघितला होता? आता मशीन आहे धूळ ओढायला. आता.

"दाजींना माहीत आहे?"

"नाही. डॉक्टर मला कामाबद्दल विचारत होता तेव्हा हा गाडी लावायला गेला होता. मी डॉक्टरला सांगितलं, याला कारण सांगू नका. आणि तूही सांगायचं नाहीस."

"का?"

"का काय. आईही त्याच बाकावर बसून गेली आणि बायकोही त्याच बाकावर बसून चालली. हे कळलं तर त्या कारखान्यात तो पुन्हा पाय ठेवेल का? दुसरं काय येतं त्याला?" तिनं कांदा चिरायला घेतला. डोळ्यांतून पाणी फक्त उजव्या बाजूला आलं. "ऑपरेशन म्हटलं की कागद होणार, कामाची जागा बघायला माणसं येणार. त्याला कळणार. आणि नाही म्हटलं तर हा विचारणार, का नाही? काय सांगू? तुझ्या आईला बघितलंय म्हणून? म्हणजे परत तेच."

"म्हणून तू उत्तरच देत नाहीस."

"संच झाला की देईन," ती म्हणाली. "शब्द दिलाय."

*

मला कामाशिवाय बसता येत नाही. ती दुपारी झोपली की मी खाली जाऊन नाकारलेले चाकू खोक्यातून काढायची आणि एतियेनच्या जाडी मोजायच्या व्हर्नियरनं मोजायची. कारखान्यातल्या हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र भिंतीवर होतंच. तो फारसा बदलत नव्हता.

लाकूड आक्रसतं ते सगळीकडून आक्रसतं, कमीजास्त, पण नियमानं. या मुठींत तसं नव्हतं. बिघडलेल्या जवळजवळ सगळ्या एकाच अंगाला आक्रसलेल्या होत्या. दुसऱ्या अंगाला लाकूड आणि पोलाद अगदी सपाट. खोलीतल्या हवेनं असं होऊ शकत नाही. असं होतं ते मूठ एका बाजूनं तापवली तर.

आणि चार मुठी अशा निघाल्या की ज्यांत काहीच वावगं नव्हतं. मी त्या परत परत मोजल्या. त्या निर्दोष असताना नाकारलेल्या होत्या.

मला वाटलं, हे सगळं अक्काचंच. काही मुठी ती शेगडीवर धरते, आणि तेही जमत नाही तेव्हा नुसतीच "हा नाही" म्हणते. तिला मरायचं आहे, पण तसं म्हणायचं नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. मला तिचा राग आला. अक्काला बरोबर घेऊन यायचं का, परतीची दोन तिकिटं काढायची का एक, हे मला ठरवता येत नव्हतं. शहरातल्या दवाखान्यातून रोज फोन येत होता आणि इकडं अक्का सपाट मुठी खोक्यात टाकत होती.

एके दिवशी सकाळी एतियेननं फळीचा उरलेला तुकडा कापला. त्यातून मुठीची एकच जोडी निघाली. बाकी अकरा चाकू फडक्यावर ओळीनं मांडलेले होते. बारावा झाला की संच झाला, आणि हा बारावा बिघडला तर त्याला लाकूड नव्हतं. अक्कानं त्या दोन पट्ट्या हातात घेऊन बघितल्या, पात्याला बसवल्या, रिव्हेट ठोकले, अर्धं घासलं. मग म्हणाली, "उरलेलं झोप काढून करते."

ती वर गेली. एतियेन मला म्हणाला, "पाव संपला आहे. बेकरीतून आणशील?"

मी कोट घालून उतारावरून खाली गेले. बेकरीचं दार बंद होतं आणि त्यावर पाटी होती, सोमवारी बंद. ती पाटी कित्येक वर्षांची असावी, तिची अक्षरं उडालेली होती. त्या गावात जन्मलेल्या माणसाला सोमवारी बेकरी बंद असते हे माहीत नाही, असं कसं होईल, असा विचार करतच मी चढ चढून परत आले.

कारखान्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत एतियेन शेगडीसमोर स्टुलावर बसला होता. त्याच्या हातात बारावा चाकू होता. पातं फडक्यात गुंडाळलेलं, आणि मुठीची एक बाजू त्यानं तापलेल्या लोखंडाजवळ धरलेली. अगदी जवळ नाही. करपणार नाही इतक्या अंतरावर. त्याला ते अंतर नेमकं माहीत होतं.

"दाजी," मी म्हटलं.

त्यानं वळून बघितलं नाही. "बेकरी बंद असेल."

"हो."

"सोमवार." त्यानं चाकू मांडीवर घेतला. तो इंग्रजीतच बोलत होता. "मी विसरलो."

मी आत आले. दार लावायचं राहिलं.

"सगळे तुम्हीच?"

"सगळे नाही. काही ती नुसतेच नाकारते. मला वाटायचं, तिचा अंगठा आता बधिर झाला." तो थांबला. "मला तिचं उत्तर ऐकायचं नाही. हो म्हणाली तर मला परत तो चेहरा बघायचा. नाही म्हणाली तर कुठलाच चेहरा नाही. संच झाला नाही तर ती रोज खाली येते, बसते, घासते, मला शिव्या देते. एवढंच मला पुरे होतं."

"पण वेळ जातोय. तुम्हाला कळतंय ना की..."

"मला सगळं कळतं." त्यानं आता माझ्याकडं बघितलं. "तू लाकडाची शास्त्रज्ञ आहेस. तू आल्यापासून मी वाट बघतोय तू मला एक प्रश्न विचारशील म्हणून."

तूही सांगायचं नाहीस, हे अक्काचं बजावणं मला आठवलं.

"तर मीच सांगतो. आईच्या डॉक्टरनं मला खुर्ची दिली बसायला. उभं राहून ऐकण्यासारखं नव्हतं म्हणून. म्हणाला, ही लाकडाच्या धुळीनं होते, हे आता नक्की झालंय. म्हणाला, त्या बाकावर यापुढं कुणाला बसवू नका."

शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"मग?"

"मग विशा आली." तो अक्काला विशाच म्हणायचा. "तिला इथली भाषा येत नव्हती. दिवसभर खिडकीत बसायची. सहा महिने मी तिला हसताना बघितलं नव्हतं. एक दिवस ती खाली आली, आईच्या बाकावर बसली, एक मूठ घेतली आणि घासायला लागली. हाताला ते काम येत होतं. तुमच्या गावात बघितलं असेल. वर बघून ती हसली. मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, थोडे दिवस बसू दे."

"आणि नंतर?"

"नंतर ती या गावातली सगळ्यात चांगली घासणारी झाली. लोक तिच्या हातचं म्हणून मागायला लागले. रोज वाटायचं, उद्या सांगू. सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगायचं. मग मी मशीन आणलं."

"दहा वर्षांपूर्वी," दारातून अक्का म्हणाली.

ती झोपेतून उठून आली होती. पायांत लोकरीचे मोजे, त्यामुळं जिन्यावर आवाज झाला नसावा. किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. ती सावकाश आत आली आणि एतियेनच्या मांडीवरचा चाकू उचलला.

"तू तापवतोस हे मला ठाऊक होतं," ती त्याला म्हणाली. ती फ्रेंचमध्येच बोलत होती, पण इतकं हळू की मला कळत होतं. "तिसऱ्या मुठीपासून. तापलेल्या लाकडाचा वास मला येत नाही, पण डोळे आहेत मला. मला वाटायचं, याला मी अजून थोडे दिवस हवी आहे. मग मीही चांगल्या मुठी टाकायला लागले. म्हटलं, त्याचं एकट्याचं कशाला, आपणही थोडं करू."

"विशा."

"बरं चाललं होतं आपलं."

तो उठायला गेला. तिनं हातानंच त्याला बस म्हटलं.

"आईंच्या वेळेपासून माहीत होतं?"

"हो."

"मी त्यांना भरवत होते तेव्हाही?"

"हो."

"मी तुझ्यासमोर बसून त्यांच्या तोंडावरचं पुसायचे. आणि पुसून झालं की खाली येऊन इथं बसायचे."

एतियेननं मान हलवली.

अक्का माझ्याकडं वळली आणि मराठीत म्हणाली, "बघितलंस? मी याला कळू नये म्हणून डॉक्टरच्या पाया पडले." तिला हसू आलं असावं, पण डावा गाल उचलला नाही.

मला वाटलं, ती आता चाकू फेकेल किंवा वर निघून जाईल. ती बाकावर बसली. मूठ दिव्याखाली धरली. एक अंग शेगडीनं तापलं होतं, पण मी लवकर परतले होते. लाकूड अजून फारसं आक्रसलं नव्हतं. तिनं ते बाजूला ठेवून गार होऊ दिलं. तोवर बाकावरची भुकटी झाडूनं एका जागी केली, ओल्या फडक्यानं टिपली, फडकं धुऊन वाळत घातलं. मग पॉलिश पेपरचा तुकडा फाडला आणि घासायला लागली. धूळ ओढायचं मशीन तिनं सुरू केलं नाही.

मी पुढं होऊन बटण दाबलं. तिनं हात लांब करून ते बंद केलं.

"आवाज होतो त्याचा," ती म्हणाली.

आम्ही दोघं तिथं उभी होतो, म्हणजे मी उभी होते आणि एतियेन स्टुलावर होता. पेपरचा आवाज होत होता तेवढाच, जाड पेपरचा खरखरीत, मग बारीकचा, मग त्याहून बारीकचा, जवळजवळ न ऐकू येणारा. खिडकीतून उन्हाची तिरीप बाकावर आली होती आणि तिच्यात धूळ दिसत होती. अक्रोडाची धूळ फार हलकी असते, ती लवकर खाली बसत नाही. अक्का तिच्यात नाक खुपसून बसल्यासारखी वाकून काम करत होती.

वर फोन वाजला. मादाम ऑबेर असेल किंवा दवाखाना असेल. कुणी गेलं नाही. तो वाजून वाजून थांबला.

तिनं कापसाच्या बोळ्यानं मुठीला जवसाचं तेल लावलं. लाकूड एकदम गडद झालं आणि त्यातली रेघ वर आली. तिनं चाकू फडक्यावर, ओळीच्या शेवटी ठेवला. अकराव्या मुठीतली रेघ बाराव्या मुठीत गेली. इतकी वर्षं ती बघत आल्यावरही अक्का ती क्षणभर बघत राहिली.

"मादाम ऑबेरला कळव," ती एतियेनला म्हणाली. "संच झाला."

"विशा, आज नको," तो म्हणाला. "उद्या सांग."

"नाही. झाला म्हणजे झाला."

तिनं हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं. मग ती उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तो मान वर करीपर्यंत थांबली. त्याला नीट कळावं म्हणून ती एकेक शब्द सुटा बोलली.

"मी ऑपरेशन करून घेणार नाही. आणि मी इथं मरणार नाही. हेमाबरोबर मी मिरजेला जाते. तू यायचं नाहीस."